माळवं तोडायला पहिल्यांदाच येताय?

आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात. परभणी जिल्ह्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यालगत आमचं रान आहे. त्यात दीड-दोन एकर माळवं, बाकी सोयाबीन, तूर, हरभरा. लग्न होऊन आले तेव्हा टोमॅटो रोपावर नेमका कुठून सुटतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मिरची तोडता तोडता डोळ्याला हात लावला आणि उरलेला दिवस आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीत, ओला पदर डोळ्यावर दाबून काढला. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "सकाळी सकाळी मिरचीला कुणी पहिला हात लावतं का?" मला तो सासूचा टोमणा वाटला. त्या एका वाक्यात अख्ख्या दिवसाचा क्रम होता, हे कळायला पुढे दोन महिने गेले.

आता मी दुसऱ्यांना सांगते. कृषी महाविद्यालयाची पोरं-पोरी येतात, पुण्यातली नोकरी सोडून घरी परतलेले येतात, नव्या सुना येतात. कापूस वेचण्यात वाघ असलेल्या पण भेंडीला कधी हात न लावलेल्या बायाही येतात. सगळ्यांना तेच ते सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. दिवस धरलाय मार्च महिन्यातला, कारण तेव्हा भेंडी, वांगी, टोमॅटो, मिरची आणि शेवटची मेथी एकाच वेळी रानात असते.

आधी विचारा: माल कुठं जाणार?

नवीन माणूस आल्या आल्या विचारतो, "कुठून सुरू करू?" त्याआधी विचारायचं ते हे, की माल जाणार कुठं. मोठ्या बाजारात जाणार असेल तर तिथला लिलाव भल्या पहाटे असतो. मग टेम्पो रात्री निघणार, भरणी दिवेलागणीला होणार, निवड दुपारी सावलीत होणार, म्हणजे तोडणी अकराच्या आत आटपायलाच हवी. सगळा दिवस असा बाजारापासून मागे मोजत यायचा. गावच्या आठवडी बाजारात स्वतः बसणार असाल तर गणित वेगळं. तिथं भेंडी-वांगी आदल्या संध्याकाळी आणि मेथी-कोथिंबीर त्याच दिवशी पहाटे.

टोमॅटो किती पिकलेला तोडायचा, मेथीची जुडी केवढी बांधायची, मिरची गोणीत भरायची की कॅरेटमध्ये, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. ते न विचारता तोडायला लागलेल्या माणसाचं अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

आदल्या दिवशीची तीन कामं

पहिलं काम फवारणीची वही बघायचं. ते टाळाल तर बाकीचं काही वाचू नका. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर त्या तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीला, हात लावायचा नाही, भाव कितीही चढलेला असो. तुमची बोटं, तुमची न्याहरी आणि विकत घेणाऱ्याचं पोर, सगळे त्यात आले. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक असं समजू नका. तुम्ही मजुरीला आला असाल तरी "फवारा कधी मारला होता?" हे विचारायला लाजू नका. मालकाला राग आला तर येऊ द्या.

दुसरं काम पाण्याचं. मेथी-कोथिंबिरीला आदल्या दिवशी हलकं पाणी हवं, म्हणजे मुळासकट अलगद येते. भेंडी-टोमॅटोच्या सरीत मात्र पाणी नको. आमची जमीन काळी, चिकण. ओली असली की चपलेला दोन-दोन किलोचा गारा चिकटतो आणि माणूस तोडण्यापेक्षा पाय उपसण्यातच दमतो. शिवाय पिकत आलेल्या टोमॅटोला एकदम भरपूर पाणी बसलं की त्याला चिरा पडतात. पण लाईटची पाळी रात्रीची असते, मोटार चालू करून माणूस झोपी जातो, आणि पहाटे नको त्या तासात तळं झालेलं असतं. आमच्याकडे हे वर्षातून दोनदा तरी होतं. तेव्हा संध्याकाळी कोणते कॉक बंद ठेवायचे ते मोटारवाल्याला बजावून सांगायचं.

तिसरं, कॅरेट मोजून, धुऊन, उपडे घालून ठेवायचे. मागच्या खेपेचा एखादा सडका टोमॅटो तळाशी चिकटलेला राहिला तर नव्या मालाला तो दोन दिवसांत लावून जातो. टेम्पोवाल्याला फोन आणि बायांना निरोप हेही संध्याकाळीच उरकायचं. सकाळी सहा वाजता मजूर शोधणाऱ्याच्या नशिबी गावातली उरलेली माणसं येतात.

अंगावर काय घालायचं

आमच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. ते दिसायला कसंही दिसो, भेंडीच्या रानात त्याच्याइतकं चांगलं काही नाही. भेंडीच्या पानादेठावर बारीक लव असते. ती कातडीला लागली की दिवसभर खाज सुटते. हातमोजे असतील तर उत्तम. नसतील तर पायातले जुने मोजे घ्या, पुढून कापा, बोटं बाहेर काढा. डोक्याला रुमाल. पायात बंद बूट किंवा निदान मागून पट्टा असलेली चप्पल. नखं कापून या, कारण वांग्या-टोमॅटोच्या सालीवर नखाचा ओरखडा दुपारपर्यंत तपकिरी होतो आणि लिलावात लांबून दिसतो.

कमरेला ओटा, म्हणजे माल टाकायची झोळी, बांधायचा. जुन्या धडक्या साडीचा तुकडा चालतो. त्यात चार-पाच किलोच्या वर माल साठू द्यायचा नाही. नवीन माणूस चकरा वाचवायला ओटा गच्च भरतो. मग खालची भेंडी दबते आणि कमरही धरते. वांग्याला छोटी कात्री किंवा सिकेटर हवं. पाण्याची दोन लिटरची बाटली आपापली आणा. रांजण आखाड्यावर असतो, आणि पात अर्धी झालेली असताना पाण्याला म्हणून गेलेल्या माणसाकडे सगळ्या जणी वळून बघतात.

पात म्हणजे काय

पात म्हणजे तुमच्या वाट्याचे तास. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, एका माणसाकडे एक किंवा दोन तास येतात. मुकादम मावशी पात लावून देतात, नसतील तर सगळ्यात जुनी बाई लावते. पात मध्येच सोडायची नाही. तुमची आधी झाली तर पुढच्या तासाला न जाता जी मागं पडली तिच्या पातीला पलीकडच्या टोकाकडून लागायचं आणि मधे भेटायचं. पहिले चार-सहा दिवस मागं पडणारे तुम्हीच असणार, तेव्हा मुकाट्यानं मदत घ्या आणि दुपारी चहाला साखर जास्त टाका. वेगाची काळजी करू नका. पहिल्या दिवशी शेजारणीच्या निम्मं तोडलं तरी पुष्कळ झालं. घाईत रोप हललं, फूल गळलं, तर नुकसान आजच्या मालाचं नसून पुढच्या तोड्याचं असतं, आणि ते मालकाला आठ दिवसांनी कळतं.

सहा वाजता: मेथी

पहाटे रानात दव असतं. ओली भेंडी, ओली मिरची, ओला टोमॅटो भरला की डाग पडतात, आतून वाफ धरते, सड लागते. पालेभाजीला मात्र ती ओल मानवते. म्हणून सुरुवात मेथीपासून.

मूठभर रोपं बुडाशी धरायची आणि सरळ वर ओढायची. वाकडं ओढलं की मुळं मातीत राहतात आणि हातात नुसता पाला येतो. माती झाडायला मुळं पायाच्या पंजावर दोनदा आपटायची. सगळी मुळं एका रांगेत, पिवळं पान काढून टाकायचं, आणि केळीच्या सोपटानं किंवा सुतळीनं जुडी बांधायची. मेथीचा भाव शेकड्यावर ठरतो, म्हणजे शंभर जुड्यांना इतके. म्हणून सगळ्या जुड्या एका मापाच्या हव्यात. तुमचा हात मोठा असेल तर तुमची जुडी मोठी होणार आणि छोट्या हाताच्या बाईची लहान. पहिली जुडी मावशींना दाखवून घ्या आणि तीच नमुना म्हणून समोर ठेवा. पाला पाण्यात बुडवायचा नाही. मुळांवर तेवढं पाणी मारायचं आणि ओलं गोणपाट झाकायचं.

दव उडालं की भेंडी

साधारण साडेसात-आठला पानं कोरडी होतात. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. पिवळं फूल उमललं की पाच-सहा दिवसांत शेंग तोडायला येते, आणि आणखी दोन दिवस राहिली की निबर होते. कवळी कोणती हे ओळखायला एकच भेंडी घ्या आणि टोक मोडून बघा. कट्कन तुटलं तर कवळी, वाकून धागा निघाला तर निबर. मात्र ही परीक्षा एकदाच. टोक मोडलेली भेंडी कुणी घेत नाही. पुढे लांबीवर जायचं: बोटाएवढी झाली की तोडायची.

अंगठा आणि तर्जनी यांच्यात देठ धरून वरच्या अंगाला हलका झटका द्यायचा. खाली ओढाल तर खोडाची साल सोलून येते. निबर राहिलेली दिसली तरी तोडा. नवीन माणूस ती झाडावर तशीच ठेवून पुढे जातो, कारण "ही काय विकायची नाही". पण झाड मग बी पोसायला लागतं आणि नवीन फुलं धरायला आळस करतं. निबर भेंडी वेगळ्या पिशवीत टाका, म्हशीला होते.

पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं तर तिथं काडी रोवून ठेवा आणि सांगा. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि तो सगळ्यात आधी तोडणाऱ्याच्याच नजरेला पडतो. आमच्या परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. तिथून निघालेली 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात याच रोगाला दाद देत नाही म्हणून दूरदूर पोचली. आता बहुतेक जण संकरित बियाण्याच्या मागं आहेत. तरी आत्याबाईंनी घरच्या खाण्यापुरती एक ओळ जुन्या भेंडीची राखलीय आणि तिला तोडणीच्या बायांनी हात लावलेला त्यांना खपत नाही. तेव्हा धुऱ्याकडची शेवटची ओळ सोडा.

वांगी, पटकन

वांग्याला चकाकी हवी. साल मळकट, फिकी झाली की आत बी तयार झालंय समजा. देठ ठेवून कात्रीनं कापायचं, पिरगळायचं नाही, नाहीतर फांदीच हातात येते. देठाच्या टोपीवर काटे असतात, त्यामुळे मूठ न आवळता फळाच्या पोटाला धरायचं. भोक पडलेलं वांगं म्हणजे आत अळी. ते खाली टाकून पुढे जाऊ नका. अळी तिथंच मातीत कोष करते आणि पुढच्या तोड्याला तिची पोरंबाळं भेटतात. किडकी वांगी वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी रानाबाहेर खड्ड्यात पुरायची.

टोमॅटो

टोमॅटोच्या देठाला फळापासून बोटभर अंतरावर एक गाठ असते. तिच्यावर अंगठा ठेवून फळ वर उचललं की ते आपोआप सुटतं. ओढायची गरजच नाही. टोकदार देठ फळाला राहिला तर तो शेजारच्या टोमॅटोच्या पोटात घुसतो आणि रात्रभर टेम्पोत हिंदकळून सकाळी कॅरेटच्या बुडाशी रस साठतो. म्हणून देठ राहिलाच तर तिथंच काढून टाका.

रंगाचं सुरुवातीला सांगितलंच. आठवडी बाजाराला लालबुंद, घरी नेऊन त्याच संध्याकाळी चिरता येईल असा. दोन दिवसांच्या प्रवासाला बुडाशी नुकती लाली फुटलेला. तो वाटेत पिकतो. पूर्ण हिरवा कच्चा तोडाल तर रंग कदाचित येईल, पण चव येत नाही. एका कॅरेटमध्ये दोन रंग मिसळू नका. लाल झालेले बाकीच्यांनाही घाईनं पिकवतात.

कॅरेटमध्ये फळ ठेवायचं, टाकायचं नाही. तळाला वर्तमानपत्र घाला. कॅरेटमध्ये साधारण वीस किलो बसतात. काठाच्या दोन बोटं खाली थांबा. वर शीग लावली की वरचा कॅरेट बरोबर त्या शिगेवर बसतो. पहिल्या वर्षी मी चांगली शिगोशीग भरली होती. घरच्यांना दाखवायचं होतं ना, सून किती कामाची ते.

न्याहरी

नऊ-साडेनवाला न्याहरी. ज्वारीची भाकर, ठेचा, कुणाचं पिठलं, कुणाचं कोरड्यास. हात साबणानं धुऊनच बसा, कारण हाताला भेंडीची लव आणि टोमॅटोचा हिरवट-काळा चीक दोन्ही असतं. टोमॅटोचा चीक साबणाला दाद देत नसेल तर एखादा पिकला टोमॅटोच हातावर चोळा, निघतो. आपलं फडकं उघडलं की आधी इकडेतिकडे वाढायचं, मग खायचं. डबा घेऊन एका बाजूला बसलेल्या शहरी पोराचं नाव बाया दिवसभर घेतात.

सगळ्यात शेवटी मिरची

आता आत्याबाईंच्या वाक्याचा अर्थ. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून नुसत्या पाण्यानं कितीही हात धुतले तरी तो जात नाही. सकाळी पहिली मिरची तोडली तर तेच हात घेऊन तुम्ही मेथी बांधणार, न्याहरी करणार, घाम पुसणार, लेकराला घेणार. त्यापेक्षा ती शेवटी ठेवायची. तोडणीच्या आधी हातांना गोडेतेल चोळायचं, झाल्यावर पुन्हा तेल चोळून मग साबण. आग फारच होत असेल तर ताक किंवा दही. कपाळाचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसायचा, बोटांनी नाही. लहान मूल अंगावर पीत असेल तर त्या बाईला मिरचीवर लावूच नका.

तोडताना डाव्या हातानं फांदी धरा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं मिरचीचा देठ फांदीच्या उलट दिशेला, वरच्या बाजूला मोडा. मिरचीची फांदी काचेसारखी कडकते. खाली ओढली की फांदी, फुलं, बारक्या मिरच्या असं सगळं कुटुंब हातात येतं. देठ फळाला राहिलाच पाहिजे. देठ निघालेली मिरची त्या भोकातून सडते. वाकडी, रंग पालटायला लागलेली मिरची वेगळी ठेवा. घरी ठेच्याला लागते.

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या बाजाराचं नाव आमच्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. आमची मिरची तेवढी नसते. पण मिरची पिकवणाऱ्याला गोणी भरायचा नियम कुठंही एकच: जाळीदार गोणी, सैल, आणि उन्हात एक मिनिटसुद्धा नाही. मी एकदा कोमेजू नये म्हणून भिजवलेलं बारदान मिरचीच्या गोण्यांवर घातलं आणि वर ताडपत्री ओढली. सकाळी बाजारात गोणी उघडली तेव्हा तिच्यातून वाफ निघाली. मेथीला जे चालतं ते मिरचीला चालत नाही.

ऊन आणि साप

अकराच्या पुढे तोडणी ओढू नका. तापलेला माल पटकन वाळतो, आणि वाळणं म्हणजे वजन जाणं, पट्टीतले, म्हणजे विक्रीच्या पावतीतले, पैसे जाणं. माणसाचंही तेच. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर "एवढी पात संपवते" म्हणू नका. सावलीत बसा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, मानेवर ओला रुमाल टाका. एखादी बाई असंबद्ध बोलायला लागली, किंवा अंग भाजतंय पण घाम नाही, तर तिला पाणी मारत दवाखान्यात न्यायची. वाट बघायची नाही.

साप. वांग्याच्या आणि भेंडीच्या बुडाशी गारवा असतो, उंदीर असतात, म्हणून नाग-घोणसही असतात. बुडाशी हात घालायच्या आधी काठीनं फांदी हलवा. रचलेले कॅरेट उचलताना खाली बघा, तिथं विंचू असतो. साप चावलाच तर जागेवर चीर देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता माणसाला आडवं करा, १०८ ला फोन लावा, किंवा हाताशी असेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. सापाचं औषध तिथं असतं, देवळात नाही. सापाला मारत बसण्यात वेळ घालवू नका.

निवड

दुपारी जेवून, घडीभर आडवं होऊन, चिंचेखाली निवड करायची. तीन ढीग: एक नंबर, दोन नंबर, आणि गुरांचा. नवीन माणसाला तिसऱ्या ढिगात टाकताना जीव जातो, कारण आपण ते वाकून वाकून तोडलेलं असतं. टाका. खरेदी करणारा कॅरेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढतो. त्याला तळाशी चार किडकी वांगी सापडली की भाव त्या चार वांग्यांचा न पडता सगळ्या मालाचा पडतो. आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की तो आधी तळच बघतो.

भरलेले कॅरेट टेम्पो येईपर्यंत कुठं ठेवायचे? झाडाची सावली सरकते हे लक्षात असू द्या. तीनला सावलीत असलेला कॅरेट साडेचारला उन्हात असतो. आम्ही आखाड्यामागे विटांचा एक शीतकक्ष बांधलाय. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही रचना आहे. विटांच्या दोन भिंती एकात एक, मधे चार बोटं जागा, त्यात वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी मारायचं, वर ओल्या गोणपाटाचं किंवा वाळ्याचं झाकण. लाईट लागत नाही, मोटार लागत नाही. रांजणातलं पाणी गार होतं तशीच ही किमया. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि मराठवाड्याची उन्हाळी हवा इतकी कोरडी की ते झपाट्यानं उडतं. ज्या हवेला आपण आठ महिने शिव्या घालतो ती इथं कामी येते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग फारसा राहत नाही. तेव्हा आमच्याकडे त्यात मांजर व्यालेली असते.

भरणी आणि पट्टी

जड आणि टणक माल खाली, टोमॅटो वर, मेथी सगळ्यात वर आणि मोकळ्या हवेला. छोटा हत्ती असो की पिकअप, कॅरेट एकमेकांत घट्ट बसवून दोरी आवळा. हललेला कॅरेट म्हणजे ठेचाळलेला माल. प्रत्येक लॉटमध्ये नावाची आणि नगाची चिठ्ठी टाका. किती कॅरेट, किती गोण्या, किती जुड्या, वहीत लिहा, आणि टेम्पो निघायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. एका बाजारातून आमच्या चौदा कॅरेटची पट्टी बाराची आली होती. फोटो दाखवल्यावर दोन कॅरेट "सापडले". तेव्हापासून फोटो चुकवला नाही.

पट्टी म्हणजे आडत्यानं दिलेली विक्रीची पावती. नवीन असाल तर एकदा तरी ती पूर्ण वाचा: वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं. राज्यात २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सुटला, आणि अडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पैशातून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तरी एखादी ओळ कळली नाही तर विचारा, "ही कपात कशाची?" विचारणाऱ्याची पट्टी पुढच्या वेळी जरा सुवाच्य अक्षरात येते, हा अनुभव.

रोज

मजुरीला येणार असाल तर रोज किती, हे सकाळी पातीला लागायच्या आधी ठरवा. रोजानं की गुत्त्यानं, तेही. गुत्त्यात किलोवर किंवा कॅरेटवर पैसे मिळतात, हात वेगात पडतात आणि रोपं तुटतात. म्हणून आम्ही फक्त टोमॅटोचा शेवटचा तोडा गुत्त्यानं देतो, त्यानंतर रोपं उपटायचीच असतात. बाईचा रोज गड्यापेक्षा कमी हे आमच्या भागात अजून सर्रास चालतं. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झालाय, पण धुऱ्यावर तो फारसा पोचलेला नाही. तोडणीत तर बाईचा हात गड्यापेक्षा सरस असतो. कॅरेट उचलायला गडी लागतो हे खरं, पण दिवसभरात उचलायचं काम अर्ध्या तासाचं. आमच्या घरात यावर दोन वर्षं भांडण झालं आणि आता तोडणीला दोघांना एकच रोज आहे. पैसे आम्ही बाजाराच्या दिवशी देतो, कारण बायांना तेव्हाच लागतात. पहिल्याच दिवशी आलेल्याला मात्र त्याच संध्याकाळी. तो परत येईल की नाही याचा भरवसा नसतो.

घरी गेल्यावर पुन्हा एकदा हातांना तेल, मग साबण. दुसऱ्या दिवशी कमर आणि मांड्यांचा मागचा भाग दुखेल, बोटांची पेरं काळी राहतील, ती तिसऱ्या दिवशी निघतात. मिरचीचा पुढचा तोडा आठ दिवसांनी, टोमॅटोचा तीन दिवसांनी. भेंडीचा परवा, सहाला नाही, साडेसातला या.